इनेससाठी तोर्तिया

बॉनच्या ट्राममध्ये माझ्या मागच्या सीटवर बापलेक मराठीत बोलत होते.

"प्रदीप, हा तोर्तिया मस्त जमलाय. बटाट्याचं ऑम्लेट कसं आतून ओलसर, आपल्या इनेसला आवडतं तसं."

"गेनाऊ, अगदी बरोबर, बाबा. आज फिरलो त्या सगळ्या हॉटेलांत हाच चांगला."

"मग तोंड का पाडलंयस? हॉस्पिटलात गेल्यावर सूनबाई दोन घास खाईल."

"तिला आता गिळता येणार नाही, बाबा. डॉक्टर कालच म्हणाले."

"काल? मग आज मला गावभर का हिंडवलंस?"

"तिनंच सांगितलं. बाबांना नुसतं उशाशी बसवून ठेवू नकोस, म्हणाली."

"आणि आता हा खाणार कोण?"

"आपण. तिच्यासमोर बसून. तिला निदान वास हवाय."

"माझ्या घशाखाली नाही उतरणार रे."

"उतरवावा लागेल, बाबा. ती बघत असेल."