तात्यांनी काढलेला रहिवासी दाखला

गाव माहं कन्नडपसून दोन कोसावर, बाप साखर कारखान्यात हंगामी, आम्ही तीन भावंडं, मी थोरला. आयटीआय केली फिटरची आन वाळूजला कंपनीत चिकटलो, बजाजनगरात आधी एक खोली, मग दोन खोल्या, मग लग्न, मग पोरगी, अशी बावीस वर्षं गेली. मग कंपनीनं हात वर केले, हिशेब दिला आन म्हणले जा. दोन महिने घरी बसलो, बायको मंदा काय बोलायची नाय, पण भांडे जरा जोरात ठेवायची. मग एका एजंटाच्या ओळखीनं मस्कतला गेलो, पायपाच्या कामावर. तिथं ऊन असं का बोलायची सोय नाय, पण पगार बरा, आन वेळेवर.

आता तुम्ही म्हणताल ह्यात इन्कम टॅक्स कुठून आला. आला, मीच बोलवून आणला. वाळूजच्या हिशेबाचे पैसे बँकेत ठेवले व्हते, त्याच्या व्याजातून बँकेनं टॅक्स कापला. कॅम्पातला एक केरळचा पोरगा म्हणला, अंकल, रिटर्न भरा, ते परत मिळतं. म्हणलं आपले पैसे सरकारकडं कामून ठेवायचे? शुक्रवारी सुट्टी असती, कपडे धुतले, खाटंवर बसलो आन मोबाईलवर सुरू केलं. नाव, बापाचं नाव, सगळं बराबर चाललं. मग विचारलं, तुम्ही निवासी का अनिवासी. मला रागच आला. अनिवासी म्हणजे काय व्हय? घर हाय, बायको हाय, रेशनकार्डात नाव हाय, मतदान करतो, आन अनिवासी? दाबलं निवासी, भरून टाकलं, आन चहा प्यायला गेलो.

पैसे काय आले नाय, आली नोटीस. तुम्ही भारतात राहता म्हणता, मग हे परदेशातून खात्यावर पैसे कशाचे येतात, त्याच्यावरचा टॅक्स कुठंय? वर्षभराच्या पगारावर टॅक्स लागणार म्हणल्यावर माह्या पायाखालची जमीनच सरकली, कारण त्याच पैशातून पोरीची नर्सिंगची फी भरायची व्हती, फॉर्म भरून झालता, पोरीनं पांढरा ड्रेस बी शिवायला टाकलता. मंदाला फोन केला, मंदा शहरात रफिकभाईकडं गेली, वाळूजला व्हतो तव्हापसून आमचे टॅक्सचे कागद तेच बघायचे. रफिकभाईनं डोक्याला हात लावला. म्हणले, भाभी, इन्हे निवासी कायको लिखे? आधा साल बाहर रहे तो अनिवासी लिखना. आता तो इथं राहत नाय हे दाखवायचं, पासपोर्टाची पानं मागवा, कंपनीचं पत्र मागवा, आन राहण्याचा काय कागद असला तर तो बी आणा. त्यांच्या मनात मस्कतच्या राहण्याचा.

मंदानं तेच गावाकडं तात्यांना फोनवर सांगितलं. तात्या म्हणजे माहा बाप. तात्यांनी जन्मभर हापिसं बघितलेली, कुठं बी गेलं का पयलं म्हणतात रहिवासी दाखला आणा, मग पुढचं बोला. पोराच्या फीसाठी दाखला, जातीच्या कागदासाठी दाखला, गॅससाठी दाखला. तात्या म्हणले, एवढंच ना, तू घोर करू नको सूनबाई. गेले ग्रामपंचायतीत, ग्रामसेवकाला बसवलं आन सांगितलं, पोरगा संकटात हाय, चांगला कडक लिहा. आन त्यानं लिहिला. सदर इसम जन्मापासून मौजे मजकूर येथील कायमचे रहिवासी असून आजतागायत येथेच वास्तव्यास आहेत. खाली सही, गोल शिक्का. तात्यांनी वरून सरपंचाची बी सही घेतली, म्हणले असू द्या, जड होतंय.

एसटीनं स्वतः आणून दिला. मंदानं सगळे कागद एका पिशवीत घातले, रफिकभाईच्या हापिसातल्या बाईनं वाचलं बिचलं काय नाय, पिशवी उलटी केली, स्कॅन केलं, पाठवून दिलं. आन आता टॅक्सच्या हापिसात माणूस भेटत नाय म्हणे, सगळं कम्प्युटरवर, भांडावं म्हणलं तर समोर तोंडच नाय. तिकडून लेखी आलं का तुम्हीच जोडलेल्या दाखल्यानुसार तुम्ही आजतागायत गावीच राहता. मला मस्कतला फोन. रफिकभाई म्हणले, बाळूभाई, तुम्हारे वालिद ने तो कमाल कर दिए, दुश्मन भी ऐसा कागद नहीं देता.

चौदा एप्रिलच्या जयंतीला सुट्टीवर आलो, आन दुसऱ्याच दिवशी तात्याला घेऊन रफिकभाईकडं गेलो. रफिकभाईनं स्टॅम्पपेपर तयार ठेवलेला, तात्यांनी सही करायची का दाखला मूळ गावापुरता हाय, मुलगा त्या साली गावात राहत नव्हता. वाचून दाखवलं तर तात्यांनी पेन खाली ठेवला. म्हणले, गावाच्या कागदावरून नाव दोन वेळा निघतं, पोरगी लग्न होऊन गेली तर, नायतर माणूस गेला तर. माहा पोरगा जित्ता बसलाय समोर, मी नाय लिहून देत. मी म्हणलं तात्या, नुसता कागद हाय. ते म्हणले, कागद हाय म्हणूनच. म्हणलं पोरीची फी हाय त्यात. म्हणले मी माह्याकडची शेळी विकतो, टॅक्स भर, पण रहिवासी ऱ्हा. आता एका शेळीत टॅक्स भरला असता तर काय पायजे व्हतं. मी चिडलो, मोठ्यानं बोललो, बापाला असं बोलू नये, पण बोललो.

रफिकभाई शहाणा माणूस. म्हणले बैठो चाचा, चहा पिऊ. आन माहा पासपोर्ट घेऊन शिक्के बघायला लागले, त्या नोटिशीच्या सालातले. आलतो एकदाच, त्या सालच्या जयंतीला. बोटावर मोजलं, म्हणले अडतीस दिन.

तात्या बशीतला चहा पीत व्हते. मान वर न करता म्हणले, छत्तीस.

रफिकभाई म्हणले, नहीं चाचा, शिक्का हाय, अडतीस. तात्या म्हणले, आला त्या दिशी इमानातून उतरला सकाळी, पण घरी यायला रातचे अकरा झाले, त्याची माय झोपली व्हती. गेला त्या दिशी पहाटं चारला जीप आली. ते दोन दिस कुठं व्हता घरात? रफिकभाई म्हणले, कायद्यात येण्याचा बी दिवस धरतात आन जाण्याचा बी. तात्या म्हणले, कायदा धरत असंल. घरात पोरगा छत्तीस दिस व्हता.

मला तर माहीत बी नव्हतं का हा माणूस मोजतोय. तात्यांनी बशी ठेवली, चष्मा पुसला आन म्हणले, आण तो कागद. सही केली, नाव अर्धं रेघंखाली गेलं. बाहेर आल्यावर रिक्षात मला म्हणले, त्या ग्रामसेवकाला सांगू नको, वाईट वाटंल त्याला.

नोटीस मिटली. पोरगी आता शेवटच्या वर्षाला हाय, घाटीच्या सरकारी दवाखान्यात ड्युटी असती तिची, आजोबाचं बीपी तीच बघती. मी अजून मस्कतलाच, रिटर्न रफिकभाई भरतात, अनिवासी म्हणून, आन दर साली फोन करून विचारतात, बाळूभाई, कितने दिन? मी म्हणतो, शिक्के बघा आन लिहा, नायतर तात्याला विचारा. मी मोजायचं सोडून दिलंय, मोजलं का तिथं हातून काम व्हत नाय.