मेडिकलच्या आधीचं ब्लेड

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असतील तर आमच्या अण्णांचे, माझ्या वडिलांचे. मंगळवेढ्याजवळच्या खेड्यात त्यांनी जन्मभर गावाची हजामत केली, पण मला कधी वस्तऱ्या-कात्रीच्या धोकटीला हात लावू दिला नाही. म्हणायचे, तुज्या हातात पेन पायजे, वस्तरा न्हाय. असा मी बी.ए. झालो, घराण्यातला पहिला, आणि काय सांगू तुम्हाला, न्हाव्याचा मुलगा असून मला धड दाढी करता येत नव्हती.

सत्तरच्या पुढचं साल असेल. सोलापुरात सात रस्त्याजवळ मी आणि अक्कलकोटचा बसवराज एका खोलीत राहायचो. सरकारी कचेरीत कारकुनाची नोकरी लागायची होती, फक्त मेडिकल राहिली होती. बसवराज म्हणाला, तितं समदे कपडे काढायला लावत्यात की, खालचे केस दिसले तर साहेब घाणेरडा म्हणून नापास करतोय. मी खरं मानलं. तीन दिवस आधी मोरीत बसून, आम्ही दोघं महिनाभर वापरत होतो त्याच ब्लेडनं, साबण न लावता, खालून वर, उलटं, सगळं साफ केलं.

दुसऱ्या दिवशी नुसती आग, लाल पुटकुळ्या. बसवराज म्हणाला, सुजंवर हळद-चुना लाव, आमची आई लावती. ते मुक्या माराचं औषध, सोललेल्या कातडीवर लावलं आणि मी किंचाळलोच. तिसऱ्या दिवशी पुटकुळ्यांत पू, जांघेत लिंबाएवढी अवधाणाची गाठ, अंगात ताप. बसवराज दोन पावलं मागं सरला, म्हणाला, खरं सांग मर्दा, कुटं गेला हुतास? मी लगेच अण्णांची शपथ घेतली, कुठंच नाही रे, तरी त्यानं आपला तांब्या वेगळा ठेवला. वाटलं, नोकरी गेली, आता अब्रूही गेली.

मेडिकलला फेंगडा चालत गेलो. म्हाताऱ्या डॉक्टरांनी बघितलं आणि चष्माच काढला, म्हणाले, हे कुणी केलं? म्हटलं, मीच, साहेब. वाईट रोग तर नाही ना? ते म्हणाले, रोग कसला, घाण ब्लेडनं कातडी सोललीस, त्यात जंतू गेले, वर चुन्यानं भाजलंस, केसांवरून कुणी नापास करतं का? मग फॉर्म बघत सहज म्हणाले, वडील शेती करतात वाटतं. तसं मीच लिहिलं होतं, लाजेनं, गुंठाभर जमीन नव्हती आम्हाला. पण त्या टेबलावर उघडा पडलेला असताना खोटं बोलवेना. म्हटलं, न्हावी आहेत. डॉक्टर म्हणाले, अरे, मग त्यांना विचारायचं की! इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या, सैल लेंगा घाल, खाजवू नको, आठ दिवसांनी बरा होऊन ये म्हणाले, आणि फॉर्म नवा भरून आण.

आता मी पेन्शनीत आहे, जुळे सोलापूर भागात घर आहे, सगळं त्या नोकरीवर. अण्णांना वाचता येत नव्हतं, पास झाल्यावर मी पाठवलेलं कार्ड पोस्टमननं पारावर मोठ्यानं वाचलं, गावानं ऐकलं. अण्णा गेले तेव्हा तेच कार्ड त्यांच्या धोकटीत, तुरटीच्या खड्याखाली सापडलं. ते असं:

तीर्थरूप अण्णांस, शिरसाष्टांग नमस्कार. मेडिकल पास झालो. मध्ये ब्लेडनं थोडं लागलं होतं, कुठं ते आल्यावर सांगेन. फॉर्मवर वडिलांचा धंदा विचारला होता, तिथं न्हावी असं स्वच्छ अक्षरात लिहिलं आहे. दिवाळीला येतो, तेव्हा मला वस्तरा धरायला शिकवा. आपला आज्ञाधारक.