नुसत्या मातीवर

(अमरावती, राजापेठ. मोरोपंत, अकोल्याहून आलेली त्यांची मुलगी जुईली, आणि याचिकेतले त्यांचे जोडीदार, हिवरखेडचे उत्तमराव.)

जुईली : आईचा कलश देव्हाऱ्याजवळ नाही, बाबा.

मोरोपंत : कपाटात आहे. पुरावा कुलपात ठेवतात.

जुईली : दिवाळीपर्यंत अस्थी सोडू म्हणाला होतात.

मोरोपंत : निकाल लागला की सोडू. सिंधू हृदयविकाराने गेली नाही. समोरच्या गच्चीवरच्या टॉवरने गेली. त्या लहरींनी अंगात लोखंड साठत जातं. राखेवर लोहचुंबक धरला तर कण उभे राहिले. जन्मभर वकिली केली मी, पुरावा कशाला म्हणतात ते कळतं मला.

उत्तमराव : म्या सोताच्या डोयानं पाह्यलं, ताई. आन माया शेवंतीचं काय? वावराजोळ बी असाच टॉवर उभा झाला तवापासून कयी धरून नाही राह्यली.

जुईली : काका, कृषी सहायकाला दाखवलीत शेवंती?

उत्तमराव : दाखवली. थो म्हने मुया सडल्या, पानी कमी द्या. आता पानी देनं मले थो शिकवन का?

जुईली : आणि परवा न्यायाधीश काय म्हणाले?

मोरोपंत : शंका रास्त काढली त्यांनी. स्मशानातला ओटा लोखंडी. त्याचा गंज राखेत उतरला असेल.

जुईली : मग संपलं ना.

मोरोपंत : संपलं कसं? वाट दाखवली त्यांनी. दुसरा नमुना हवा. याच घरात राहिलेल्या माणसाचा, नुसत्या मातीवर दहन केलेला. पुढची तारीख सुट्टीनंतर आहे.

जुईली : याच घरात राहिलेल्या माणसाचा.

मोरोपंत : जागाही ठरली. उत्तमरावांचं वावर.

उत्तमराव : म्या म्हनलं, घ्या बाप्पा एक कोपरा. मले वाटलं, शंभर वर्सानं लागन. हासत हासत म्हनलं म्या.

जुईली : बाबा, तुमच्या रक्त पातळ करायच्या गोळ्या. पाकीट भरलेलंच आहे. आत्ता पाहिलं मी.

मोरोपंत : औषधाने नमुना दूषित होतो.

उत्तमराव : काय म्हनता, साहेब? गोया सोडल्या तुमी?

मोरोपंत : घाबरू नका. याचिकेत तुमचं नाव राहील.

उत्तमराव : नाव घाला चुलीत! ताई, मले खरंच नोतं मालूम.

जुईली : केव्हापासून, बाबा?

मोरोपंत : आवाज चढवू नकोस.

जुईली : चढवलेला नाही. केव्हापासून?

मोरोपंत : तारीख पडली तेव्हापासून. जुई, मला भीती वाटत नाही. हे एवढं तडीला जाऊ दे. नाहीतर ती उगाच गेली असं होईल.

जुईली : ती उगाचच गेली, बाबा.

मोरोपंत : असं बोलू नकोस.

जुईली : तुम्हाला अग्नी कोण देणार?

मोरोपंत : तूच. तिला दिलास तसा.

जुईली : मग ऐका. मी तुम्हाला हिवरखेडला नेणार नाही. आईला ठेवलं त्याच लोखंडी ओट्यावर ठेवीन.

मोरोपंत : मी लेखी देऊन ठेवीन.

जुईली : द्या. मी केलं की नाही ते बघायला तुम्ही नसाल. काका, वावर देणार आहात?

उत्तमराव : नाही. कुंपन घालतो आता त्याले. साहेब, राग मानू नोका.

मोरोपंत : म्हणजे सगळा पुरावा नासवशील तू?

जुईली : हो.

मोरोपंत : तुझी आई असं कधी बोलली नसती.

जुईली : तिच्यावर ही वेळ आली नाही.

उत्तमराव : म्या पानी आनतो.

मोरोपंत : माठातलं आणा. आणि गोळी घेतली म्हणजे खटला सोडला, असं समजू नकोस.

जुईली : लढा की. हव्या तेवढ्या तारखा घ्या.

मोरोपंत : दे इकडे... हं. घेतली. झालं समाधान? जा आता, अकोल्याची गाडी चुकेल.

जुईली : मी जात नाहीये. तोंड उघडा, बाबा. जीभ वर करा.