ओसाकातला भुरका

अरे, तू आत्ता चहाचा भुरका मारलास ना, त्यावरून आठवलं. ईस्टरच्या सुट्टीत आम्ही आई-बाबांना घेऊन डब्लिनहून जपानला गेलो होतो. ओसाकात तर दिवसभर नुसतं खात सुटलो. संध्याकाळी नूडल्सच्या दुकानात शिरताना आईने बाबांना दटावलं, "इथे तरी आवाज करू नका." बाबा बिचारे मुकाट्याने एकेक नूडल चावू लागले.

तेवढ्यात आचारी आला आणि कळवळून जपानीत काहीतरी विचारू लागला. आम्ही सगळे गोंधळलो. लेकीने फोनवर भाषांतर करून सांगितलं, "आजोबा, ही थिंक्स यू हेट इट. यू हॅव टु मेक नॉइज!"

बाबांनी आईकडे पाहिलं. आईने कपाळाला हात लावून मान हलवली. मग बाबांनी असा भुरका मारला, की आचारी खूश होऊन कमरेत वाकला.

आई मला म्हणाली, "आता ह्यांना घरी कोण आवरणार?"