टेकडीवरचा ठिपका

खरं तर हे मी सांगायचं नाहीये — बाबांनी आत जाताना डोळ्यांनीच बजावलंय — पण तुम्ही दवाखान्यासाठी घेताय त्या फोटोतला तो ठिपका काढायला सांगितलात आणि ते एका दमात ‘हो’ म्हणाले, म्हणून बोलतेय. पाणी घ्या ना, डॉक्टर. तुमच्या दवाखान्यात खुर्चीत आडव्या पडलेल्या माणसाला तो डाग वाटेल, कबूल — आधीच दाढ ठणकतेय, त्यात समोर डाग कशाला — पण तो डाग नाहीये. ती आई आहे.

हसलात तरी चालेल, आई स्वतःच हसायची. डोंगर केवढा ते नुसत्या डोंगरावरून कळत नाही, शेजारी माणूस लागतं, असं बाबांचं म्हणणं. आणि माणूस कोण? आई. त्या तळ्याच्या फोटोत काठावर — दिसली? — छत्री घेतलेली. वाळूच्या फोटोतही तीच. तिथं तिला दोनदा परत बोलावलं होतं, कारण तिचेच पाय वाळूत उमटले होते. मग ती लांबून वळसा घालून गेली, चपला हातात घेऊन. ‘तुझ्या बाबांना मी मुंगीएवढी असले की आवडते,’ म्हणायची. सगळे हसायचे. मीपण.

आणि हा तुमचा टेकडीचा — सहामाहीच्या आधीची गोष्ट. वारा असा की हाक पोचायची नाही, म्हणून बाबा रुमाल हलवायचे — बाजूला हलवला की सरक, वर धरला की थांब. मी कॅमेऱ्यावर छत्री धरून शेजारीच होते. ढग फाटायला आला, बाबांनी रुमाल वर धरला. आईनं बघितलं — अगदी मान वळवून, नीट — आणि चालायला लागली. वर, माथ्याकडे. पलीकडे उतरलं की रस्ता आहे, बस मिळते. मला वाटलं, आता बाबा धावतील. त्यांनी काय केलं? बटण दाबलं. उजेड आला होता ना.

मावशीकडे असते ती. बरी आहे. फोनवर माझा अभ्यास विचारते, जेवण विचारते, आणि मग सहज विचारल्यासारखं — ‘ती टेकडी अजून भिंतीवर आहे का गं?’ मी हो म्हणते. तरी ती फोन ठेवत नाही. आता विचारलं तर काय सांगू? टेकडी आहे, तू नाहीस?

आणि बाबा — विजेची तार मध्ये आली तर अख्खा फोटो टाकून देतील, पण तार पुसणार नाहीत, ‘होतं ते होतं’ — असा माणूस एका दमात हो म्हणतो म्हणजे काय समजायचं? ऐका, माऊसचा आवाज येतोय. टक्, टक्. नाही — थांबला. सुरूच केलं नसेल कदाचित. नुसते बघत बसले असतील. तसे बसतात ते, कधीकधी.

काय, बाबा? — आलेच मी — बघितलंत, डॉक्टर? कुठं काही राहिलंय का ते बघायला नेहमी मलाच बोलावतात, माझी नजर चांगली म्हणून. डॉक्टर, माझं नाव घेऊ नका, पण मी आत पोचायच्या आत एवढंच म्हणा, इथूनच, मोठ्यानं, की तो ठिपका तुम्हाला —

आले, बाबा.