वर डोंगर, खाली वारा

—अगं बस, बस आधी. उभ्यानं भांडायला हा मासळीबाजार आहे का? आणि वर खोलीत नको म्हटलं ते उगाच नाही. आमच्या भिंती पुठ्ठ्याच्या आहेत, पलीकडच्या खोलीत कोणी शिंकलं की अलीकडचा नाक पुसतो. इथं तळ्याकाठी बरं. ते म्हातारे? त्यांची नको काळजी करूस. श्येन सर ते. ठार बहिरे. निवृत्त झाल्यापासून रोज येतात, तो लांब दांड्याचा ब्रश बादलीत बुडवतात नि फरशीवर अक्षरं काढत बसतात—शाई नाही हं, नुसतं पाणी. उन्हानं वाळलं की पुन्हा काढायची. कुणाला त्रास नाही, कुणाला फायदा नाही. माझे गुरू होते, बरं का. मला हातात काचेची नळी कशी धरायची ते त्यांनी शिकवलं. पण जन्मात पेपर किती लिहिले, तर बोटांवर मोजावेत इतके. एकेका पेपरला वर्षानुवर्षं! 'अजून खात्री झाली नाही, ख्वांग,' म्हणायचे. आता तसा माणूस आला ना इथं नोकरीला, तर दारावरचा रखवालदारसुद्धा आत सोडणार नाही.

तर काय म्हणत होतीस—तुझा पेपर तुझ्या नावावर दिसत नाही. बरोबर. त्या दुसऱ्या यू लानच्या नावावर दिसतो. तेही बरोबर. मग यात एवढं लालबुंद व्हायचं काय कारण? मशीननं केलं ते. माणसानं केलं असतं तर गोष्ट वेगळी. वर्षभरात जिथं जिथं आपल्या माणसांचं छापून येतं ते सगळं मशीन गोळा करतं नि ज्याचं त्याच्या खात्यात ओततं. आता तुझं नाव इंग्रजी अक्षरांत काय? यू लान. त्या बाईंचं काय? यू लान. आपल्या चिनी अक्षरांत तुझं आडनाव निराळं, त्यांचं निराळं. तुझ्या लानच्या अक्षरात वर डोंगर, खाली वारा. त्यांचा लान म्हणजे फूल, त्यांच्या मामाच्या गॅलरीतल्या कुंडीतलं. पण पेपर जातो परदेशी. तिथल्या अक्षरांत ना डोंगर टिकतो ना फूल टिकतं. दोघी सपाट. मशीन बिचारं काय करणार? तुझ्या आजोबांनीच जरा रुळलेलं नाव ठेवायला हवं होतं… बरं बरं, आजोबांचं नाही काढत.

आणि पेपर, पेपर म्हणून एवढं काय कवटाळतेस गं? ते बघ, दारावर लाल कापड लावलंय. वाच. 'संशोधनात नवी झेप, संख्येत देशात आघाडी.' काल सगळ्यांना खाली उभं करून फोटो काढला, मीही होतो पहिल्या रांगेत, हसत होतो. झेप कसली? पाणी आहे नुसतं. तुम्ही पोरं मागं म्हणता ना, 'हा पेपर पाणी आहे, तो पेपर पाणी आहे'—मला सगळं ठाऊक असतं, मला 'मालक' म्हणता तेही ठाऊक आहे—तर अगदी खरं म्हणता. गवळी दुधात पाणी घालतो, आम्ही पाण्यात दूध घालतो. तो फांग—एक प्रयोग करतो नि मुळ्यासारख्या चकत्या पाडतो. मीठ थोडं वाढवलं, एक पेपर. मीठ थोडं कमी केलं, दुसरा पेपर. मीठ घालायचं विसरला, त्याचाही पेपर, 'मिठाच्या अभावाचा अभ्यास'! आणि त्या लोउ बाई. त्यांच्या मागच्या पेपरवर अर्धा डझन नावं, नि प्रत्येक नावावर चांदणी—का, तर सगळे सारखेच पहिले. अगं, शर्यतीत सगळे पहिले आले तर ती शर्यत की वरात? वर ग्रुपवर सगळे अंगठे दाखवतात, फुलं पाठवतात. मीही पाठवतो. न वाचता पाठवतो. वाचून पाठवायची म्हटलं तर एकही जाणार नाही.

आता तुझा पेपर—थांब, ऐक तर—तुझा वेगळा आहे. मी कधी म्हटलं नाही तोंडावर, डोक्यात जातं पोरांच्या. पण खारं पाणी गोडं करणारा तो तुझा पडदा… किती वेळा फाटला, आठवतं? मी म्हटलं होतं, तीनदा टिकला, बास, पाठव छापायला. तू ऐकलं नाहीस. हाताची सालपटं निघाली तरी बसलीस. गंमत बघ, आख्ख्या विभागात पाण्यावरचा पेपर तेवढा एक, नि पाणी न घातलेलाही तेवढाच. म्हणूनच तर तोच—

तोच काय? काही नाही. तोच चांगला, एवढंच म्हणत होतो.

त्या बाईंचं काय विचारतेस? तुला हजारदा सांगितलं, त्यांचा यात हात नाही. हात कशातच नसतो त्यांचा, नळीतसुद्धा नसतो. सकाळी दुधाचा चहा घेऊन येतात, तो संपेपर्यंत दुपार होते. पण त्यांच्या कराराचं हे शेवटचं वर्ष. वर चढा नाहीतर चालते व्हा, नियम सगळ्यांना सारखा. आता विभागप्रमुख छाओ साहेबांची भाची चालती झाली तर छाओ साहेबांनी बहिणीला तोंड कसं दाखवायचं? नव्या वर्षाला एका टेबलावर मासा कसा खायचा? आयत्या बिळावर नागोबा म्हणतेस—म्हण. मीही म्हणतो. मनात म्हणतो. विभागप्रमुखाबद्दल मनातच म्हणायचं असतं.

डिग्री? अगं मिळेल की डिग्री. पेपर नावावर नाही तर यंदा नाही, पुढच्या वर्षी. दुसरा लिही. एकदा जमलं त्याला पुन्हा जमतं, ज्याला जमलंच नाही त्याची खरी पंचाईत. ती तुमच्या डोंगरातली कॉलेजची नोकरी—त्यांना सांग थांबायला. नाही थांबत? दुसरं कुणी बघतील? मग बघू देत. तसलं ते कॉलेज, पाठीमागं कोबीचा मळा, पुढं बस-स्टँड… आई काय म्हणते? खोली सारवून—रंगवून ठेवलीय? हं. बायका घाई करतात.

हरकतीचा अर्ज दिलास, ते कळलं मला. सकाळीच कळलं. मला न विचारता दिलास. आज मुदत संपते, तेही माहीत आहे. पण नियम पूर्ण वाचलास का? नुसत्या विद्यार्थ्याची हरकत कुणी उघडून बघत नाही. सोबत एखादा प्राध्यापक उभा राहिला, 'हे काम हिचं आहे, मी बघितलंय' असं म्हणाला, तर समिती बसते. तर दारं उघडतात. कोण राहणार उभा? फांग? त्याला स्वतःच्या चकत्या मोजून घ्यायच्यात. लोउ बाई? निवृत्त माणूससुद्धा चालतो म्हणे नियमानं, पण निवृत्तांना काय, त्यांना फरशी पुरते.

मी? हा प्रश्न तू विचारायला नको होतास.

हे बघ यू लान. तुला वाटतं मला टोचत नाही? माझं वय बघ. इथं मोठ्या किताबाला टोपी म्हणतात, आणि टोपीला वयाची अट असते. या हिवाळ्यात माझं डोकं त्या टोपीच्या मापाबाहेर जातं. एकदा गेलं की गेलं—मग मी आणि श्येन सर, एक बादली, दोन ब्रश. टोपी डोक्यावर बसली तर प्रयोगशाळा टिकते, तुम्हा पोरांचा गाडा चालतो. आणि टोपी घालणार कोण? छाओ साहेब. म्हणजे कोण कुणाला टोपी घालतंय ते तूच ठरव. त्या दिवशी जेवायला बोलावलं त्यांनी. वाफवलेला मासा, कमळाच्या मुळांचं सूप, सगळं माझ्या आवडीचं, कुणी सांगितलं देव जाणे. आणि स्वतःच्या हातानं माझ्या पेल्यात चहा ओतला. विभागप्रमुखानं! मी दोन बोटं टेबलावर टेकवली, आभार म्हणून, आणि नेमका तेव्हाच ऑफिसमधल्या पोरीचा फोन. 'सर, मशीन अडलंय, दोन यू लान दाखवतंय, कोणती घेऊ? डोंगराची की फुलाची?' आता समोर माणूस चहा ओततोय, किटलीची धार चालू आहे, बोटं अजून टेबलावर आहेत, तुला काय वाटतं, अशा वेळी माणूस—

…

काय बघतेस अशी?

मशीननं केलं असंच म्हणालो मी आधी. हो. मशीननंच. ते अडलं म्हणून तर विचारलं ना. अडलं नसतं तर… एक शब्द गं. माणूस दिवसात किती शब्द बोलतो! छाओ साहेब तर बघतही नव्हते माझ्याकडे, झाकण बसवत होते किटलीवर. तोंडानं काही म्हणाले नाहीत. ते कधीच म्हणत नाहीत. तेच तर… ए, कुठं निघालीस? बोलणं संपलं नाही अजून. यू लान! मालक म्हणतेस ना मला, मग—

अगं त्यांचा ब्रश कशाला घेतेस? सर, देऊ नका तिला, तिचं डोकं ठिकाणावर नाही—हं, देतात बघा, हसून देतात. काय काढतेस? डोंगर. आणि खाली वारा. वा. एवढं मोठं? सगळ्या जगाला दिसायला हवं? लोक थांबायला लागले बघ, ते सायकलवाले, ती खानावळीतली बाई. काढ, काढ. तुझं नाव तुला लिहिता येतं हे सिद्ध झालं. त्यानं काय होणार? पाणी आहे ते. इथं सगळं पाणीच आहे.

थांब, फोन. ऑफिस.

हं, ख्वांग बोलतोय. …हो, तिच्या अर्जाचंच ना. …शेवटचं विचारतेस, बरं. …काय? ऐकू नाही येत, इथं भोंगा लागलाय दुपारचा, गाणी चालू आहेत. …हो, तिच्यासमोरच आहे. …आहे म्हटलं मी! कोणती?… हं. …नाही, ऐकतोय. …

फूल.

…फूल! …अगं फू-ल! फुलाची यू लान! डोंगराची नव्हे! किती ओरडू? हं. ठेव.

झालं. मिटलं. तुम्ही काय बघताय सगळे? खानावळीत भात करपला असेल, जा. यू लान, तूही जा आता. ब्रश ठेव खाली. बघ, ऊन किती कडक आहे, डोंगर वाळलासुद्धा. वारा तेवढा उरलाय, जाईल तोही. पुढच्या वर्षी बघू. आईला सांग—काहीतरी सांग.

अहो सर, तुम्ही कशाला उठलात? बसा. …पुन्हा कशाला बुडवताय तो? तिचं नाव आहे ते, तुमच्या कवितेची ओळ नाही. …डोंगर परत काढायची गरज नाही, सर. सर, अर्धा विभाग खिडकीत आलाय. …आणि तो हात तिच्या खांद्यावर… ऑफिसकडे? आत्ता? तुम्ही कशाला जाताय तिच्याबरोबर ऑफिसकडे?

सर…

तुम्हाला ऐकू येतं?