मृत्यूचं ठिकाण

आमचं ते पंचांगाचं फुकट ॲप माहितीये ना? इथे अमेरिकेत मी आणि हर्नडनचा नितीन मिळून चालवतो. कोड सगळ्यांसाठी खुला आहे, कोणीही चूक दाखवावी. लोक तर नुसतं डोकं खातात. मागे बटणाच्या हिरव्या रंगावरून महिनाभर भांडले, खरंच सांगतो.

तर एकदा न्यू जर्सीतल्या एडिसनच्या एका काकूंनी लिहिलं, ‘तुमच्यामुळे माझ्या भावाचं श्राद्ध चुकीच्या तिथीला झालं. तो पुण्यात पहाटे गेला. मी तीच वेळ टाकली, पण तुमचं ॲप ती न्यू जर्सीची वेळ धरतं.’

नितीन म्हणाला, “यार, आपण वेळ विचारतो, पण माणूस कुठे गेला हे विचारतच नाही!”

मग मी ॲप वापरणाऱ्यांच्या ग्रुपवर सगळ्यांना विचारलं, ‘मृत्यूचं ठिकाण वेगळं निवडायची सोय करतोय. आणखी कोणाला लागेल?’

‘मला. बाबा, नागपूर. व्हिसा अडकला होता.’

‘मला. आई, सातारा. व्हिडिओ कॉलवरच पाहिलं.’

‘मलाही. तिकीट मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं.’

दिवसभर नुसती अशीच उत्तरं येत होती. मी फोन उलटा ठेवून दिला.

सोय तयार झाल्यावर नितीनने ग्रुपवर विचारलं, ‘आधीपासून कोणतं ठिकाण भरून ठेवू? फोन असेल तिथलंच?’

काकूंनी लिहिलं, ‘भारत ठेवा. दरवेळी कशाला निवडायला लावता?’

हिरव्या रंगावरून महिनाभर भांडणारी माणसं ही. यावर एकानेही हरकत घेतली नाही.